अ‍ॅक्रिलिकच्या हातघडणीच्या पेनाला चकाकी आणण्याची पद्धत

अ‍ॅक्रिलिकच्या पेनावरची चकाकी कमी पडली की बहुतेक जण पॉलिश बदलून पाहतात. दोष मात्र बहुधा चार पायऱ्या मागे, पहिल्या वॉटर पेपरवर (पाण्यासोबत घासायच्या कागदावर) किंवा त्याही आधी लेथच्या, म्हणजे वस्तू फिरवत कातणाऱ्या यंत्राच्या, हत्यारावर राहून गेलेला असतो. त्यामुळे या लेखात पॉलिशच्या बाटलीपेक्षा तिच्या आधीच्या कामाला अधिक जागा दिली आहे. येथे गृहीत धरलेले पेन म्हणजे नळी, टोपण आणि बोटांत धरायचा सेक्शन असे तिन्ही भाग अ‍ॅक्रिलिकच्या रॉडमधून लहान लेथवर कातलेले फाउंटन पेन होय. पितळी नळीवर चढवलेल्या, तयार किटच्या पेनालाही हीच रीत चालते. त्यात फक्त आट्यांची काळजी घ्यावी लागत नाही.

पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण कळण्यासाठी चकाकी कशाने येते ते आधी पाहू. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत येतो आणि त्यात खिडकीचे, दिव्याचे रेखीव प्रतिबिंब दिसते. पृष्ठभागावर ओरखडे असतील तर तोच प्रकाश विखुरतो आणि पेन धुरकट दिसते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ओरखड्यांची खोली त्याहून बरीच कमी झाली की ओरखडे असूनही डोळ्याला जाणवत नाहीत. युरोपीय ‘पी’ मोजमापानुसार ६०० नंबरच्या वॉटर पेपरवरील कण सुमारे २६ मायक्रॉनचे आणि २००० नंबरवरील सुमारे १० मायक्रॉनचे असतात. म्हणजे पॉलिश करणे हे मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी क्रमाक्रमाने लहान ओरखडे पाडत जाण्याचे काम आहे. मधली एखादी पायरी गाळली, तर बारीक कागदाला जाड ओरखड्याच्या तळापर्यंत पोहोचायला इतका वेळ लागतो की माणूस कंटाळून मध्येच थांबतो, आणि तो ओरखडा शेवटच्या चकाकीखाली अधिकच उठून दिसतो.

रॉड कशाचा आहे, ते आधी पाहावे

बाजारात ‘अ‍ॅक्रिलिक’ या नावाखाली विकले जाणारे सगळे रॉड एकाच पदार्थाचे नसतात. खरे अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. मोत्यासारखी झाक असलेले, रंगांच्या लाटा दिसणारे अनेक रॉड पॉलिएस्टर रेझिनचे किंवा युरेथेनचे असतात. पॉलिएस्टर ठिसूळ असते आणि कातताना त्याची कपची पटकन उडते. त्याला चकाकी मात्र सहज येते. खऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्येही साच्यात ओतून केलेला, म्हणजे कास्ट, रॉड आणि यंत्रातून दाबून काढलेला एक्स्ट्रूडेड रॉड असे दोन प्रकार आहेत. पेनासाठी कास्ट रॉडच घ्यावा. एक्स्ट्रूडेड रॉड उष्णतेने लवकर चिकट होतो, कागदाला गुठळ्या धरतो आणि त्याच्या आतला ताणही जास्त असतो.

अ‍ॅक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते, ही गोष्ट सर्व कामभर लक्षात ठेवावी. हाताला दांडा जेमतेम कोमट लागत असताना कागदाखालचा पातळ थर तेवढा तापलेला असू शकतो, कारण प्लास्टिकमधून उष्णता सावकाश पसरते.

जुन्या साठ्यातला, कोठून आला ते माहीत नसलेला रॉड हाती आला, तर तो अंगठ्याने जोरात घासून वास घ्यावा. कापरासारखा वास आला तर तो सेल्युलॉइड असण्याची दाट शक्यता आहे. सेल्युलॉइड झटकन पेट घेते, त्यामुळे फिरत्या बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या कापडी चाकावर, ते लावू नये. या लेखातील बफिंगचा भाग त्याच्यासाठी नाही.

हत्याराची धार

लेथवरचा शेवटचा हात, म्हणजे कातणीची शेवटची फेरी, जितकी स्वच्छ, तितका कागदाचा पल्ला छोटा होतो. हाय-स्पीड स्टीलचे हत्यार ताजी धार काढून घ्यावे, शेवटच्या हाताला दर खेपेस ०.१ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नये आणि हत्यार अखंड, एकाच गतीने सरकवावे. धार चांगली असेल तर अ‍ॅक्रिलिक लांब फितीसारखे सोलून निघते. भुगा पडू लागला किंवा बारीक कपच्या उडू लागल्या तर धार गेली आहे असे समजावे. ही फीत दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि घर्षणाने पृष्ठभाग तापवते, म्हणून मधूनमधून लेथ थांबवून ती काढावी. चालत्या लेथवर बोटांनी ओढू नये.

अंतिम मापापेक्षा व्यासावर ०.१ ते ०.२ मिमी माल शिल्लक ठेवावा. तो घासण्यात जातो. टोपणाच्या तोंडाशी आणि नळीच्या खांद्याशी ही शिल्लक मोजूनच ठेवावी, नाहीतर दोन भाग जोडल्यावर त्यांच्या कडा एका रेषेत येत नाहीत. कडांवर आधीच अगदी बारीक उतार द्यावा. धारदार कोपरा घासताना हमखास वेडावाकडा गोल होतो. मुद्दाम दिलेला उतार तसा बिघडत नाही.

कातल्यानंतर आतला ताण काढण्यासाठी पारदर्शक कास्ट अ‍ॅक्रिलिकचे भाग साधारण ८० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून ओव्हनमध्येच सावकाश थंड होऊ देण्याची पद्धत आहे. पुढे आट्यांच्या तळाशी दिसणाऱ्या केसाएवढ्या भेगा यामुळे टळतात. मात्र घरच्या ओव्हनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा, आणि पदार्थाची खात्री नसलेल्या रंगीत रॉडवर किंवा चिकटवलेल्या भागांवर हा प्रयोग करू नये.

पेन धरायचे कसे

नळी चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, थेट बाहेरून धरली तर जबड्यांचे वळ उठतात, आणि ते काढण्यात सगळी मेहनत जाते. सेक्शन ज्या आट्यांत बसतो त्याच मापाचे आटे असलेला पितळी किंवा डेल्रिनचा (एक टणक प्लास्टिक) छोटा मँड्रेल, म्हणजे काम पेलून फिरवणारा दांडा, करून ठेवावा आणि नळी त्यावर फिरवून बसवावी. टोपणासाठीही तसाच दुसरा मँड्रेल करावा. हे दोन तुकडे कातायला लागणारा वेळ पहिल्याच पेनात वसूल होतो. नळीच्या बाहेरील बाजूस टोपणाचे आटे असतील, तर त्यांच्यावर कागद जाऊ देऊ नये. आट्यांचे माथे घासले गेले की टोपण सैल बसते. पाण्यात न सुटणाऱ्या टेपचे दोन वेढे तेथे पुरतात. टेपच्या कडेशी किंचित उंचवटा राहतो, म्हणून टेप आट्यांच्या शेवटच्या वळणावरच संपवावी. तिचा कोणताही भाग गुळगुळीत नळीवर येऊ देऊ नये.

पाण्याने घासणे

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. वॉटर पेपर म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा पाण्यात चालणारा कागद. मोटारींना रंग देणाऱ्यांचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात तो ४०० पासून २००० नंबरपर्यंत, कधी त्याहूनही बारीक, मिळतो. लाकडासाठीचा पिवळट पॉलिश पेपर या कामाचा नाही. वाडग्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. पाणी उष्णता काढून नेते, भुगा कागदात रुतू देत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अ‍ॅक्रिलिकची धूळ श्वासावाटे आत जाण्यापासून वाचवते. काही कारणाने कोरडे घासावेच लागले, तर एन-९५ मास्क लावावा.

लेथवर पाणी आणायचे म्हटल्यावर दोन गोष्टींची तजवीज आधी करावी. लेथचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाट, प्लास्टिकच्या कागदाने आणि त्यावर जुन्या टॉवेलने झाकावा, आणि काम संपल्यावर बेड पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज दिसतो. दुसरे, मोटार आणि स्विच यांच्यावर पाण्याचे शिंतोडे जाणार नाहीत अशी आडोशाची पट्टी लावावी आणि जोडणी अर्थिंग असलेल्या, गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरून घ्यावी. वेग मिनिटाला ५०० ते ८०० फेऱ्यांच्या आसपास पुरतो. त्याहून जास्त वेगाने कागद अधिक कापत नाही, फक्त पाणी उडते.

सुरुवात कितीच्या नंबरने करावी, याचे उत्तर पृष्ठभागावर अवलंबून आहे. हत्याराच्या खुणा नखाला लागत असतील तर ४००, नुसत्या डोळ्याला दिसत असतील तर ६००, आणि कातणीच अगदी निर्मळ असेल तर ८००. त्याहून जाड कागद हातात घ्यावा लागत असेल, तर कागद खाली ठेवून हत्याराला धार लावावी. २२० नंबरने पाडलेले ओरखडे काढण्यापेक्षा पुन्हा एक बारीक हात कातणे केव्हाही जलद होते.

नळीचा सरळ भाग घासताना कागद बोटावर न घेता एखाद्या सपाट पट्टीवर, जुन्या प्लास्टिकच्या फुटपट्टीच्या तुकड्यावर, गुंडाळावा. बोटाचा दाब सारखा नसल्यामुळे पृष्ठभागावर उथळ लाटा उठतात. मंद पृष्ठभागावर त्या दिसत नाहीत, पण चकाकी आल्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नळीवर नागमोडी दिसते आणि तेव्हा ६०० पर्यंत मागे जाण्यावाचून इलाज उरत नाही. टोपणाच्या गोलाईवर मात्र बोटच चांगले.

प्रत्येक नंबरचे काम दोन भागांत करावे. आधी लेथ चालू ठेवून ओला कागद सारखा डावी-उजवीकडे सरकवत घासावे. एकाच जागी थांबल्यास तेथे खळगा पडतो. मग लेथ बंद करून त्याच कागदाने नळीच्या लांबीच्या दिशेने हाताने घासावे, स्पिंडल (लेथचा फिरता दांडा) हाताने थोडा थोडा फिरवत पूर्ण घेर उरकावा. फिरत्या लेथवर पडलेले ओरखडे कड्यांसारखे आडवे असतात, हाताने पडलेले उभे. सगळी आडवी कडी नाहीशी होऊन फक्त उभ्या रेषा उरल्या, की त्या नंबरचे काम झाले असे निश्चित म्हणता येते. पुढचा कागद सुरू केल्यावर पुन्हा आडवी कडी येतात आणि पुन्हा हाताने ती मोडायची असतात. दिशा बदलत गेल्यामुळे मागचा ओरखडा राहिला आहे की नाही हे लपत नाही.

तपासणी करताना नळी पूर्ण कोरडी करावी. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते दाखवणारा आकडा) १.३३ आणि अ‍ॅक्रिलिकचा १.४९, दोन्ही एकमेकांच्या जवळ असल्याने ओरखड्यात पाणी भरले की तो जवळजवळ अदृश्य होतो, आणि ओली नळी नेहमीच खऱ्यापेक्षा चांगली दिसते. कोरडी नळी एलईडी टॉर्चच्या तिरप्या उजेडात, जमल्यास सराफ वापरतात तसल्या दहापट भिंगातून, सावकाश फिरवून पाहावी. नजर पक्की नसेल तोवर पहिल्या दोन नंबरांपूर्वी शिसपेन्सिलने नळीवर आडव्यातिडव्या रेघा ओढाव्यात. जेथे रेघ टिकून राहिली तेथे कागद पोहोचलेला नाही. काळ्या नळीवर यासाठी पांढरा खडू चालतो. मार्करची शाई वापरू नये, कारण तिच्यातील द्रावक अ‍ॅक्रिलिकला घातक ठरू शकतो.

नंबर बदलताना नळी, मँड्रेल, पट्टी आणि हात धुवावेत आणि वाडग्यातले पाणी बदलावे. ६०० चा एक सुटा कण २००० च्या कागदाखाली आला तर एकच लांब, खोल ओरखडा पडतो आणि तो कोठून आला हे कळत नाही. हे धुणे कंटाळवाणे आहे, आणि शिकणाऱ्यांकडून सर्वात आधी गाळले जाते तेही हेच. ६००, ८००, १०००, १५००, २००० हा क्रम पाळल्यास मागचा ओरखडा काढायला पुढच्या कागदाला जड जात नाही. सर्वाधिक वेळ पहिल्या नंबरला द्यावा. कातणीच्या सगळ्या खुणा तेथेच जायला हव्यात. पुढच्या प्रत्येक नंबरला आदल्यापेक्षा कमी वेळ लागला पाहिजे. तसे होत नसेल तर आदला नंबर अपुरा राहिला आहे.

नळीचे आणि टोपणाचे टोक

लेथवर फिरणाऱ्या टोकाच्या अगदी मध्यबिंदूला वेग नसतो. कडेला कागद कापतो, मध्यभागी तो नुसता टेकतो. म्हणून अनेक सुंदर पेनांच्या टोकावर मोहरीएवढा धुरकट ठिपका राहिलेला दिसतो. टोक गोल करताना टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडील टेकूचा, आधार काढून घेतल्यावर मध्ये राहिलेली बारीक गाठ आधी धारदार हत्याराने सपाट करावी. त्यानंतर प्रत्येक नंबरला लेथ थांबवून, कागद तळहातावर ओला ठेवून, टोक त्यावर आठाच्या आकड्यासारखे फिरवावे. पुढच्या पॅडवर आणि द्रव पॉलिशच्या वेळीही हे विसरू नये.

मायक्रो-मेश आणि नंबरांचा घोटाळा

२००० च्या वॉटर पेपरनंतर थेट द्रव पॉलिशवर जाता येते. बहुतेक पेन बनवणारे मात्र मधे मायक्रो-मेशचे पॅड वापरतात. विमानांच्या अ‍ॅक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे काढण्यासाठी तयार झालेला हा प्रकार आहे. यात कण कडक कागदाऐवजी लवचिक थरात बसवलेले असतात, त्यामुळे दाबाखाली ते आत दबतात आणि त्याच आकाराच्या कणाने वॉटर पेपरपेक्षा उथळ ओरखडा पडतो. नेहमीच्या संचात १५००, १८००, २४००, ३२००, ३६००, ४०००, ६०००, ८००० आणि १२००० असे नऊ पॅड येतात.

हे आकडे वॉटर पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत, आणि घोटाळा येथेच होतो. मायक्रो-मेशचा १५०० म्हणजे कणांच्या आकाराने साधारण ५०० ते ६०० नंबरचा वॉटर पेपर. २००० च्या कागदानंतर कोणी संचातील पहिल्या पॅडपासून सुरुवात केली, तर तो पुढे जाण्याऐवजी मागे जातो. म्हणून दोनपैकी एक मार्ग धरावा. ६०० च्या कागदाने आकार आणि सपाटी पक्की करून मायक्रो-मेशच्या १५०० पासून नऊही पॅड क्रमाने वापरावेत, किंवा २००० पर्यंत कागदाने जाऊन त्यानंतर ४००० पासूनचे शेवटचे पॅड घ्यावेत. पहिला मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण पॅड पातळ कागदासारखे फाटत नाहीत आणि गोलाईवर आपोआप बसतात. सपाटी आणण्याची अपेक्षा मात्र त्यांच्याकडून करू नये; मऊ पॅड लाटांवरून लाटांसारखाच जातो.

पॅडही पाण्यानेच, हलक्या हाताने, लेथवर अर्धा मिनिट आणि मग लांबीच्या दिशेने चालवावेत. कोणता पॅड कितीचा हे रंगावरून ओळखण्याऐवजी प्रत्येकाच्या कडेवर नंबर लिहून ठेवावा. वापरानंतर साबणाच्या पाण्यात धुऊन, वेगवेगळे वाळवून, जाड आणि बारीक पॅड वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. साधारण ४००० पासून नळीत प्रतिबिंब दिसू लागते. ८००० ला पेन तयार झाल्याचा मोह होतो. पेन काळे असेल तर त्याला बळी पडू नये. मोत्याच्या झाकेच्या किंवा पांढऱ्या रॉडवर जे ओरखडे डोळ्याला कधीच दिसणार नाहीत, ते काळ्या रॉडवर दिव्याखाली जाळ्यासारखे उमटतात.

द्रव पॉलिश

शेवटच्या पॅडनंतर नळी धुऊन कोरडी करावी. प्लास्टिकसाठीचे द्रव पॉलिश नसेल, तर मोटारीच्या रंगासाठी मिळणारे अगदी बारीक पॉलिशिंग कंपाउंडही चालते. नुसते ‘रबिंग कंपाउंड’ बरेचदा जाड असते, ते या टप्प्यावर लावले तर केलेले काम मागे जाते. मऊ टिश्यू पेपरवर वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन, ८०० ते १००० फेऱ्यांवर, हलक्या दाबाने नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. ते पातळ पापुद्र्यासारखे सुकू लागले की स्वच्छ टिश्यूने पुसावे. कापड वापरू नये, निदान बोटाभोवती गुंडाळून तरी मुळीच नाही. फिरत्या दांड्याने ते पकडले तर बोटासकट ओढून नेते, टिश्यू मात्र फाटून मोकळा होतो. ओढणी, सैल बाह्या आणि गळ्यातील साखळ्या यांबाबतही हाच धोका आहे.

काही पॉलिशांत मेण किंवा सिलिकॉन असते आणि ते ओरखडे काढण्याऐवजी भरून टाकते. चकाकी खरी आहे का हे पाहण्यासाठी पेन साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पुसून, पुन्हा टॉर्चखाली पाहावे. चकाकी उतरली तर तेथे काम बाकी आहे.

येथे एक निषेध स्पष्ट सांगितला पाहिजे. पॉलिश पुसून काढण्यासाठी थिनर, अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट वापरू नये. अ‍ॅसिटोन आणि थिनर अ‍ॅक्रिलिक विरघळवतात. स्पिरिट लगेच काही करताना दिसत नाही, पण ताण असलेल्या जागी, विशेषतः आट्यांच्या तळाशी, बारीक भेगांचे जाळे निर्माण करू शकते. अमोनिया असलेली काच-पुसणी आणि धातू चमकवायची द्रावणेही त्याच कारणासाठी टाळावीत.

बफ

बफ लावल्याशिवाय चकाकी येत नाही हा समज खरा नाही. मायक्रो-मेश आणि द्रव पॉलिश यांवर अनेक उत्तम पेने पूर्ण होतात. ज्यांना अनेक पेने करायची आहेत किंवा काळ्या रॉडवर शेवटची धूसर झाक काढायची आहे, त्यांना बफ उपयोगी पडतो. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर मोटारी साधारण १४४० किंवा २८८० फेऱ्यांच्या मिळतात. अ‍ॅक्रिलिकसाठी १४४० चीच घ्यावी. २८८० ची मोटार स्टील आणि पितळ चकाकवणाऱ्यांसाठी आहे. तिच्यावर २०० मिमीच्या चाकाचा परीघ मिनिटाला १८०० मीटरहून अधिक वेगाने धावतो आणि अ‍ॅक्रिलिक क्षणात पुसट होते. १४४० वर तेच चाक ९०० मीटरच्या आसपास राहते. चाके सुती, सैल शिलाईची घ्यावीत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत अशी चाके आणि कंपाउंडच्या वड्या शोधल्यास मिळतात. प्रत्येक वडीसाठी वेगळे चाक ठेवावे आणि शेवटचे चाक बिनशिलाईचे, फ्लॅनेलचे, कंपाउंड न लावलेले असावे. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची वडी स्टीलसाठी ठीक आहे. फिकट रंगाच्या अ‍ॅक्रिलिकच्या आट्यांत तिचा रंग अडकून बसतो. पांढरी, बारीक अ‍ॅल्युमिनाची वडी पुरेशी आहे.

वडी चाकाला फक्त टेकवून काढावी. जास्त लावल्यास पेनावर काळपट रेघा उमटतात. चाकाचा आपल्यासमोरचा भाग वरून खाली जात असावा, आणि पेन मध्यरेषेच्या खाली धरावे, म्हणजे ते अडकले तरी आपल्यापासून दूर फेकले जाते. टोपणाची उघडी कड कधीही वरच्या दिशेला, येणाऱ्या कापडाच्या तोंडावर, ठेवू नये. टोपण आणि नळी लाकडी दांडीवर घट्ट बसवून बफला लावल्यास पकडही सुटत नाही आणि आत कंपाउंडही शिरत नाही. चाकाखाली जाड चादर अंथरून ठेवावी. पेन सतत फिरते आणि सरकते राहिले पाहिजे, आणि दर काही सेकंदांनी ते मनगटाला लावून पाहावे. ऊब जाणवली की थांबावे. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसला तर तेथे पृष्ठभाग वितळला आहे. तो बफने जात नाही, ६०० पासून पुन्हा यावे लागते. फार वेळ बफ केल्यानेही नुकसान होते: कडा बोथट होतात आणि रेखीव कातलेला पेन साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा दिसू लागतो.

ज्योतीने अ‍ॅक्रिलिकची कड चकाकवण्याची रीत साइनबोर्डच्या कामात आहे. पातळ, आटे असलेल्या पेनाला ती लावू नये; पृष्ठभाग चमकतो, पण आत नवा ताण भरतो. द्रावकाच्या वाफेने चकाकी आणण्याची कारखान्यातील पद्धत विषारी द्रव्यांमुळे घरी वर्ज्यच समजावी.

पारदर्शक पेनाची आतली बाजू

पारदर्शक नळीत बाहेरची चकाकी निम्मेच काम करते, कारण ड्रिलच्या आतल्या चक्राकार खुणा भिंगातून पाहिल्यासारख्या मोठ्या दिसतात. ड्रिल करताना वेग कमी ठेवून, पाणी घालत, थोडे थोडे आत जाऊन बिट वारंवार बाहेर काढावे आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर रीमरने, म्हणजे भोक गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने, काढावा. नंतर लाकडी काडीला उभी चीर पाडून तिच्यात वॉटर पेपरची पट्टी अडकवावी, लेथ मंद चालवून काडी आतबाहेर करत ६०० ते २००० नंबर पूर्ण करावेत आणि अखेरीस काडीवर कापूस गुंडाळून द्रव पॉलिश फिरवावे. येथेही पाणी बदलणे आहेच, आणि आत काय चालले आहे ते दिसत नसल्याने प्रत्येक नंबरनंतर नळी धुऊन उजेडासमोर धरणे भाग आहे. राजमुंद्रीच्या रत्नमसारख्या, पेन बनवणाऱ्या जुन्या भारतीय घरांनी जपलेल्या, नळीतच थेट शाई भरण्याच्या आयड्रॉपर पद्धतीचे पेन करायचे असेल, तर या कष्टांचा आणखी एक फायदा होतो: घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर शाई रेंगाळत नाही, आणि शाई बदलताना जुना रंग सहज धुतला जातो. नळीचा बंद तळ सर्वात अवघड. ड्रिलच्या टोकाने पडलेला शंकू गोल टोकाच्या बिटने आधीच गोलसर करून घेतला, तर कापसाची काडी तेथवर पोहोचते.

दोष ओळखताना

समान अंतरावर आडवी कडी दिसत असतील तर ती हत्याराची किंवा पहिल्या कागदाची आहेत. मधला कोणताही नंबर वाढवून ती जाणार नाहीत. एखादाच लांब, तिरका ओरखडा दिसला तर तो सुट्या कणाचा असतो, आणि तो नखाला लागत नसेल तर मायक्रो-मेशच्या मधल्या पॅडवर जाऊन काम भागते. सर्वत्र सारखी धूसर झाक म्हणजे शेवटचे दोन टप्पे घाईने झाले. बारीक खड्डे मात्र रॉडमधल्या हवेच्या बुडबुड्यांचे असू शकतात. घासत गेल्यास नवे उघडे पडतात, म्हणून तेथे थांबून तो रॉड दुसऱ्या कामासाठी ठेवावा. खड्ड्यात किंवा आट्यांत पॉलिशची पांढरी पूड अडकली असेल, तर मऊ टूथब्रश आणि साबणाचे पाणी पुरते.

क्लिप, कडी आणि निब सगळ्यात शेवटी बसवावीत. धातूच्या कडीसह बफ केल्यास धातूचा काळा मळ अ‍ॅक्रिलिकवर ओढला जातो, आणि कडीशेजारी बफ पोहोचत नसल्याने तेथे मंद पट्टा राहतो. बसवण्यापूर्वी पेन एकदा साध्या पाण्याने धुऊन मायक्रोफायबरच्या ओलसर फडक्याने पुसावे. कोरड्या फडक्याने चोळल्यास स्थिर वीज तयार होऊन धूळ चिकटते, आणि त्याच धुळीचे पहिले ओरखडे पडतात.

वापरात येणारे बारीक ओरखडे टाळता येत नाहीत, कारण अ‍ॅक्रिलिक खिशातल्या किल्ल्यांपुढे मऊच आहे. वर्ष-दोन वर्षांनी पेन मंद वाटू लागले, तर निब आणि शाई काढून, आटे टेपने झाकून, मायक्रो-मेशच्या ६००० पासून पुढचे तीन पॅड आणि द्रव पॉलिश एवढेच पुरते. किल्लीचा खोल ओरखडा असल्यास ३२०० पासून सुरुवात करावी, आणि घासताना ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना निदान बोटभर जागा धरावी, नाहीतर त्या ठिकाणी खळगा पडून प्रतिबिंब वाकडे दिसेल.